खिडकी बंद, कारभार चालू

दिवसभराचा पत्रव्यवहार आटोपून मनुष्य कचेरीतून उठण्याच्या बेतात असतो. संगणकावरील टपालाच्या प्रोग्रामच्या वरच्या कोपऱ्यातील फुलीवर तो क्लिक करतो, खिडकी तत्काळ दिसेनाशी होते, आणि आजचे दप्तर बंद झाले असे मानून तो निश्चिंत होतो. इतक्यात एका पक्षकाराला पाठवावयाची प्रत राहून गेल्याचे त्याला स्मरते. तो त्याच चिन्हावर पुन्हा क्लिक करतो, आणि पत्रांच्या यादीऐवजी पडद्यावर एक लहानशी सूचना उमटते. थंडरबर्ड आधीपासूनच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही. नवी खिडकी हवी असेल तर आधीची प्रक्रिया बंद करा, नाहीतर संगणक पुन्हा सुरू करा, असा तिचा आशय असतो. पडद्यावर तर काहीच चालू दिसत नसते. मग जे चालू आहे म्हणतात ते आहे कोठे, आणि जे दिसतच नाही ते बंद तरी कसे करावे? या प्रश्नाचा विचार करण्यास वेळ नसल्यामुळे बहुतेक जण संगणकाचे बटण दाबून धरतात, यंत्र मुकाट्याने विझते, आणि त्या वेळेपुरती सुटका होते.

ही सुटका किती महाग पडू शकते, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. टपाल फोनवर पाहण्याची वहिवाट आता सर्वत्र पडली असली, तरी वकील, सनदी लेखापाल, मुद्रक, दिवाळी अंकांचे संपादक, अशा ज्यांना जुना पत्रव्यवहार वर्षानुवर्षे हाताशी ठेवावा लागतो, त्यांच्या टेबलावर टपालाचा स्वतंत्र प्रोग्राम अद्याप नांदतो आहे. पॉप पद्धतीने टपाल उतरवून घेण्याची व्यवस्था असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवण्याची तजवीज केलेली नसेल, तर त्या पत्रांची जगातील एकमेव प्रत त्याच एका संगणकात असते. मोझिला परिवारातील थंडरबर्ड हा प्रोग्राम मी येथे उदाहरणादाखल घेत आहे. डिसेंबर २००४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली, तो विनामूल्य आहे, आणि त्याची अंतर्गत रचना सर्वांना पाहण्यास खुली असल्यामुळे त्याच्याविषयी अंदाजाने बोलावे लागत नाही.

खिडकी निराळी, प्रक्रिया निराळी

तबकडीवर पडून असलेला प्रोग्राम हा केवळ सूचनांचा संच असतो. आपण तो उघडतो तेव्हा संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे विंडोज, मॅक किंवा लिनक्स, त्या सूचना स्मृतीत आणते, त्यांना स्वतंत्र जागा नेमून देते, आणि त्या अमलात येऊ लागतात. या चालत्या अवस्थेला प्रक्रिया म्हणतात. खिडकी ही प्रक्रियेने स्वतः निर्माण केलेली एक वस्तू आहे. एका प्रक्रियेच्या खिडक्या अनेक असू शकतात, आणि एकही खिडकी नसताना प्रक्रिया सुखेनैव चालू राहू शकते.

फुलीवर क्लिक केल्याने प्रक्रियेचा अंत होत नाही. कार्यप्रणाली तिच्याकडे केवळ एक निरोप पोहोचविते, की ही खिडकी बंद व्हावी अशी मालकाची इच्छा आहे. त्या निरोपाचे काय करावयाचे, हे सर्वस्वी प्रोग्रामच्या अखत्यारीतले असते. अर्धवट लिहिलेले पत्र उघडे असेल तर तो जतन करू का म्हणून विचारतो. शेवटची खिडकी मिटत असेल तर आवराआवरीस लागतो. आणि आपला खोळंबा होऊ नये म्हणून खिडकी आधी दृष्टीआड करून उरलेली कामे मागाहून उरकतो. हा मागाहूनचा काळ बहुधा दोन-चार सेकंदांचा असतो, म्हणून आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते. तो लांबला, म्हणजे मात्र लेखाच्या आरंभी सांगितलेली सूचना समोर येते.

निघताना उरलेली कामे

मंडईतील एखाद्या जुन्या पेढीवर संध्याकाळी गिऱ्हाईक थांबले, की शटर अर्धे खाली येते आणि आत दिवाणजी दिवसाच्या वह्या पुढ्यात ओढतो. प्रत्येक व्यवहार घडला त्या क्षणी रोजकीर्दीत चढलेला असतोच. पण त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन खतावणी पुरी करणे, शिल्लक मोजणे, आणि मगच तिजोरीला कुलूप लावणे, हे काम गिऱ्हाइकाच्या दृष्टीआड चालते. शटर खाली आले म्हणजे पेढी बंद झाली असे रस्त्यावरच्या माणसाला वाटते. दिवाणजीच्या लेखी ती बंद व्हावयास अजून अवकाश असतो.

थंडरबर्डच्या दप्तराला प्रोफाइल म्हणतात, आणि मदतीच्या मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन’ या पानावरून ते फोल्डर उघडून पाहता येते. प्रोग्राम चालू असताना तेथे ‘एसक्यूलाइट’ या अंत्यनामाच्या काही फाइलींच्या शेजारी त्याच नावाच्या, पण शेवटी ‘डब्ल्यूएएल’ ही अक्षरे लागलेल्या जोडफाइली आढळतात. त्याच या दप्तराच्या रोजकीर्दी. नवी नोंद आधी जोडफाइलीत उतरते आणि सवडीने मूळ फाइलीत चढते. प्रोग्राम रीतसर बंद होताना सर्व नोंदींची खतावणी होऊन जोडफाइल काढून टाकली जाते. एसक्यूलाइट या माहितीकोशाने ही पद्धत २०१० साली स्वीकारली. प्रक्रिया गेल्यावरही जोडफाइल तशीच पडलेली दिसली, तर दप्तर बहुधा घाईने मिटले असे समजावे; पुढच्या वेळी उघडताना त्या नोंदी आपोआप चढविल्या जातात, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण जोडफाइल निरुपयोगी समजून हाताने पुसून टाकणे मात्र घातक आहे.

खुद्द पत्रांची व्यवस्था याहून जुनी व साधी आहे. नेहमीच्या मांडणीत एका फोल्डरमधील सारी पत्रे एकाच लांबलचक मजकुराच्या फाइलीत एकामागून एक लिहिलेली असतात. ‘इनबॉक्स’ नावाची, पुढे कोणतेही अंत्यनाम नसलेली फाइल ती हीच. तिची प्रत साध्या टिपणवहीच्या प्रोग्राममध्ये उघडली, तर प्रत्येक पत्राच्या माथ्यावर ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ अशी ओळ दिसेल आणि तिच्यापुढे चार अंकांचा संकेत आढळेल. ०००१ म्हणजे पत्र वाचलेले आहे. ०००८ म्हणजे ते रद्द झालेले आहे. ०००९ म्हणजे वाचून रद्द केलेले आहे. याचा अर्थ असा, की आपण पत्र पुसतो तेव्हा ते फाइलीतून जातच नाही, त्याच्या माथ्यावरचा अंक तेवढा बदलतो. जागा खरोखर मोकळी करावयाची, तर जिवंत पत्रे तेवढी निवडून नवी फाइल लिहावी लागते आणि ती जुन्या फाइलीच्या जागी ठेवावी लागते. या क्रियेला संक्षेपण म्हणू. फाइल चार-पाच जीबींची झाली असेल, तर हे काम किती वेळ खाईल याची कल्पना सहज करता येते. आणि बाहेर पडताना कचरापेटी रिकामी करावी किंवा इनबॉक्स स्वच्छ करावा, असा हुकूम खात्याच्या सर्व्हर-सेटिंगमध्ये देऊन ठेवलेला असेल, तर हा सारा भार नेमका निघण्याच्या घटकेस येऊन पडतो.

वाट कोणाची पाहिली जात आहे?

प्रक्रिया अडली आहे असे आपण सरसकट म्हणतो; पण अडण्याचे प्रकार दोन आहेत, आणि त्यांतील भेद ओळखणे हीच अर्धी दुरुस्ती होय. एका प्रकारात ती काम करीत असते, फक्त काम मोठे असते. दुसऱ्या प्रकारात ती काहीच करीत नसते. कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहत थांबलेली असते.

हा भेद पाहण्यास कोणतेही खास साधन लागत नाही. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या कळा एकदम दाबल्या, की टास्क मॅनेजर उघडतो. त्याच्या यादीत थंडरबर्डचे नाव शोधून त्याच ओळीतील सीपीयू, डिस्क व नेटवर्क या रकान्यांकडे मिनिटभर शांतपणे पाहावे. डिस्कच्या रकान्यातील आकडा हलत असेल, तर लेखन चालू आहे. अशा वेळी हात आखडून बसणे हेच शहाणपणाचे. सीपीयूचा आकडा सतत चढलेला असेल, तर बहुधा शोधसूचीचे काम चालू असते किंवा एखादे विस्तारक स्वतःच्याच फेऱ्यात सापडलेले असते. तिन्ही रकाने शून्यावर असतील, तर प्रक्रिया वाट पाहत आहे, आणि मग ती कोणाची, एवढाच प्रश्न उरतो.

बहुतेक वेळा ती सर्व्हरची असते. आयमॅप पद्धतीत पत्रे मूलतः सर्व्हरवर राहतात, आणि थंडरबर्ड प्रत्येक खात्यासाठी कमाल पाच जोडण्या सर्व्हरशी खुल्या ठेवू शकतो. निघताना इनबॉक्स स्वच्छ करण्याचा हुकूम असेल, तर तो हुकूम सर्व्हरला कळवून त्याची पोच घ्यावी लागते. आता मधल्या मधे वाय-फाय गेले, व्हीपीएन तुटले, किंवा लॅपटॉप झोपी जाऊन पुन्हा जागा झाला, तर पलीकडचा पक्ष नाहीसा झाल्याची वर्दी या बाजूस कोणीच देत नाही. जोडणी कागदोपत्री जिवंतच असते, आणि मौनाचा अर्थ उशीर की अभाव हे ठरविण्यास मुदतीखेरीज दुसरा मार्ग नसतो. थंडरबर्डमध्ये ही मुदत मुळात १०० सेकंदांची आहे. शंभर सेकंद ही उठून जाऊ पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने फार मोठी मुदत होय. प्रक्रिया आपणहून मोकळी होण्यापूर्वीच त्याचा धीर सुटतो आणि मग बळाचा वापर होतो, असे मला वारंवार दिसून आले आहे.

संशय सर्व्हरवर असेल, तर त्याची खातरजमा करण्याची एक सोपी रीत आहे. बंद करण्यापूर्वी फाइल मेनूतील ‘ऑफलाइन’ या पोटमेनूतून ‘वर्क ऑफलाइन’ निवडावे आणि मग फुलीवर क्लिक करावे. अशा रीतीने प्रोग्राम लगेच आणि पूर्णपणे बंद होत असेल, तर दोष जोडणीचा आहे. निघताना स्वच्छता करण्याचे दोन्ही हुकूम काढून घ्यावेत, ते काम दिवसातून केव्हातरी हाताने करावे, आणि टपालाची तपासणी करणारे विषाणुरोधक मध्ये उभे असेल तर त्याची टपालापुरती तपासणी बंद ठेवून फरक पाहावा. विषाणुरोधक आणखी एका वाटेने आडवे येते: इनबॉक्सची अवाढव्य फाइल जरा बदलली, की ती संपूर्ण तपासावी असे त्याला वाटते, आणि तोवर फाइल त्याच्या ताब्यात राहते. प्रोफाइलचे फोल्डर मेघसंग्रहाच्या किंवा जाळ्यावरील सामायिक तबकडीवर ठेवणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, आणि ती व्यवस्था मोडून प्रोफाइल आपल्या संगणकाच्या तबकडीवर आणणे हाच तेथे खरा उपाय आहे.

ऑफलाइन जाऊनही अडथळा कायम असेल, तर विस्तारकांकडे वळावे. विस्तारक म्हणजे मूळ प्रोग्रामला जोडलेली परक्या कारागिरांची लहान उपकरणे. मदतीच्या मेनूतील ‘ट्रबलशूट मोड’मध्ये प्रोग्राम उघडला, म्हणजे ती सर्व त्या वेळेपुरती तहकूब होतात. या अवस्थेत बंद होण्याची क्रिया सुरळीत झाली, तर दोषी त्यांच्यातच आहे असे मानून एकेक विस्तारक पुन्हा चालू करीत जावे.

येथेही काही निष्पन्न झाले नाही, तर सूची पाहाव्यात. प्रत्येक फोल्डरच्या पत्रफाइलीशेजारी ‘एमएसएफ’ अंत्यनामाची एक सूची असते. ती बिघडली, तर फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘रिपेअर फोल्डर’ या बटणाने ती नव्याने तयार होते. सर्व फोल्डरांत मिळून शोध घेण्यासाठी ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ नावाची एक मोठी सूची असते, तिचे काम चालू आहे काय हे टूल्स मेनूतील ‘अॅक्टिव्हिटी मॅनेजर’मध्ये दिसते, आणि ती भ्रष्ट झाल्याचा संशय असेल तर प्रक्रिया पूर्ण गेल्याची खात्री करून ती फाइल बाजूला काढावी, पुढच्या वेळी थंडरबर्ड ती पुन्हा रचतो, मात्र रचना पुरी होईपर्यंत यंत्र संथ चालते. सूची गेल्याने पत्र जात नाही. अंत्यनाम नसलेल्या फाइलीला मात्र कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, हात लावू नये, कारण पत्रे तीत आहेत.

चौकट: प्रक्रिया खरोखर गेली काय?

*विंडोज:* टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ या पानावर थंडरबर्ड.ईएक्सई हे नाव राहता कामा नये. घड्याळाशेजारील चिन्हांतही पाहावे. लहान केल्यावर खिडकी तेथे जाऊन बसावी असे एक सेटिंग आहे, आणि ते चालू असेल तर बिघाड काहीच नसतो.

*मॅक:* खिडकीची लाल टिकली दाबल्याने प्रोग्राम बंद होत नाही. ती त्या प्रणालीची रीतच आहे. बंद करण्यासाठी कमांड व क्यू. अडला असेल तर ऑप्शन, कमांड व एस्केप.

*लिनक्स:* ‘किल’ ही आज्ञा प्रथम १५ क्रमांकाचा संकेत धाडते. तो ऐकून काय करावे हे प्रोग्रामला ठरविता येते. ९ क्रमांकाचा संकेत प्रोग्रामपर्यंत पोहोचतच नाही. प्रणाली परस्पर प्रक्रिया संपविते. म्हणून ९ हा शेवटी वापरावा.

कुलपाविषयीचा गैरसमज

या विषयावर सर्वाधिक दिला जाणारा सल्ला म्हणजे, प्रोफाइलमधील ‘पॅरेंट.लॉक’ ही फाइल पुसून टाका. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण त्यामागे विंडोजपुरता एक गैरसमज आहे, आणि तो दूर होणे मला अगत्याचे वाटते.

एकाच दप्तरात दोन प्रक्रिया एकाच वेळी लिहू लागल्या, तर एकीने नुकतीच लिहिलेली नोंद दुसरी पुसून टाकील, आणि संक्षेपण चालू असेल तर पत्रेच गमावली जातील. हा अनर्थ टाळण्यासाठी थंडरबर्ड उघडताच पॅरेंट.लॉक ही फाइल स्वतःकडे अशा रीतीने उघडून ठेवतो, की दुसऱ्या कोणासही ती उघडता येऊ नये. दुसरी प्रक्रिया तसा प्रयत्न करते, तिला नकार मिळतो, आणि त्यावरून कोणीतरी आधीच आत आहे हे तिला समजते. तेव्हा कुलूप ते त्या फाइलीवरील ताब्याचे आहे, फाइलीच्या अस्तित्वाचे नव्हे. फाइल शून्य बाइटांची असते, तीत काहीही लिहिलेले नसते, आणि प्रोग्राम व्यवस्थित बंद झाल्यावरही ती तेथे पडून राहू शकते. प्रक्रिया कोणत्याही कारणाने संपली, अगदी बळाने संपविली गेली, तरी ताबा काढून घेण्याचे काम कार्यप्रणाली स्वतः करते.

यातून जो निष्कर्ष निघतो तो फार उपयोगाचा आहे. पॅरेंट.लॉक पुसण्याचा प्रयत्न केला आणि विंडोजने ती पुसू दिली, तर ताबा कोणाचाच नव्हता, म्हणजे अडचण दुसरीकडे आहे. कदाचित जुन्या संगणकावरून आणलेल्या या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगीच आपल्या खात्याला नसेल. आणि फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे असे सांगून विंडोजने पुसण्यास नकार दिला, तर प्रक्रिया जिवंत आहे, आणि आपण तिच्याकडेच पाहिले पाहिजे. लिनक्सवर या फाइलीच्या जोडीला ‘लॉक’ नावाचा एक दुवा असतो, त्यात यंत्राचा आयपी पत्ता आणि प्रक्रियेचा क्रमांक लिहिलेला असतो. त्या क्रमांकाची प्रक्रिया त्याच यंत्रावर हयात नाही असे आढळले, तर थंडरबर्ड तो दुवा स्वतःच रद्द धरतो.

बळाचा वापर केव्हा

वाट पाहूनही तिन्ही रकाने शून्यावर राहिले आणि दोन-तीन मिनिटे लोटली, तर टास्क मॅनेजरमधून ‘एंड टास्क’ करण्यास हरकत नाही. माहितीकोशाच्या फाइली जोडफाइलींमुळे सावरतात. संक्षेपण मध्येच तुटले, तरी नवी फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहिली जात असल्यामुळे मूळ फाइल सहसा शाबूत राहते; फोल्डरमध्ये ‘एनएसटीएमपी’ नावाच्या मोठाल्या फाइली साचलेल्या आढळतात, त्या अशाच तुटलेल्या संक्षेपणाचा अवशेष असतात. संगणकाचे बटण दाबून धरणे हा प्रकार याहून वाईट, कारण त्यात केवळ हा प्रोग्राम नव्हे, तर तबकडीवर लेखन करणारी प्रणालीही मध्येच तोडली जाते, आणि प्रणालीने लेखनासाठी स्मृतीत राखून ठेवलेला मजकूर तबकडीपर्यंत पोहोचत नाही.

आउटलुकची तऱ्हा

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये हाच प्रश्न निराळ्या कारणाने उद्भवत असे. फोनशी मेळ घालणारी किंवा ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी दुसरी सॉफ्टवेअरे आउटलुकचे भाग आपल्या कामासाठी वापरीत, आणि त्यांतील एकाने जरी ताबा धरून ठेवला असेल तोवर आउटलुक खिडकीविना चालूच राही. २००९ साली आउटलुक २००७ च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ही रीत बदलली. मालकाने शेवटची खिडकी मिटली, की बाहेरच्यांनी धरून ठेवले तरी आउटलुक जातो. त्यामुळे आज आउटलुक अडला तर प्रथम त्याच्या आतील जोडउपकरणांवर संशय घ्यावा, आणि विंडोजच्या ‘रन’ चौकटीत ‘आउटलुक /सेफ’ हा हुकूम इंग्रजी अक्षरांत देऊन त्यांच्याविना प्रोग्राम चालवून पाहावा. दप्तराची फाइल नीट मिटली नव्हती, तिची तपासणी चालू आहे, अशी सूचना पुढच्या वेळी आली तर ती तपासणी मध्येच थांबवू नये. ही दप्तराची फाइल, म्हणजे पीएसटी, खरोखर बिघडलीच असेल, तर त्याच संचात येणारे ‘स्कॅनपीएसटी’ हे साधन आहे, पण ते चालविण्यापूर्वी फाइलीची प्रत घ्यावी.

प्रत घेण्याविषयी थंडरबर्डच्या वापरकर्त्यांनाही एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुष्कळ जण दर शनिवारी प्रोफाइलचे फोल्डर बाहेरच्या तबकडीवर उतरवून घेतात, आणि खिडकी मिटलेली आहे एवढे पाहून नक्कल करण्यास सुरुवात करतात. प्रक्रिया आत चालू असेल, तर जोडफाइल एका क्षणाची आणि मूळ फाइल दुसऱ्या क्षणाची अशी विसंगत प्रत हाती येते, आणि हे उघडकीस येते ते ती परत बसविण्याची वेळ आल्यावर. म्हणून नक्कल करण्यापूर्वी टास्क मॅनेजर उघडून यादीतून थंडरबर्डचे नाव गेले आहे याची रुजुवात करावी, आणि मगच फोल्डर उचलावे.